भिंगावरचे दव

आपल्या मंडळात छायाचित्रणाचा नाद असलेले सभासद बरेच आहेत, आणि सहलीहून परतल्यावर त्यांतले काही जण कॅमेरा घेऊन माझ्याकडे येतात. नेत्रतज्ज्ञाला भिंगांतले सगळे कळते, असा एक गोड समज वैद्यकीय व्यवसायातही रूढ आहे. तक्रार बहुधा एकच असते. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला आणि क्षणात भिंगावर वाफ धरली; रुमालाने पुसली, पुन्हा धरली; तिसऱ्यांदा पुसेपर्यंत जे टिपायचे होते ते निघून गेले. कारण विचारले तर कोणी थंडीला दोष देतो, कोणी पावसाला, कोणी कॅमेऱ्याच्या कंपनीला. या तिन्ही आरोपींची सुटका करावी आणि खऱ्या कारणाकडे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. शेवटी येईल त्याप्रमाणे हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. आपल्या रुग्णांपर्यंत तो पोहोचला आहे.

कारण तसे रोजच्या पाहण्यातले आहे. फ्रीजमधून काढलेली लशीची कुपी टेबलावर ठेवली की दोन मिनिटांत बाहेरून ओली होते. ते पाणी कुपीतून झिरपलेले नसते. खोलीतल्या हवेतून आलेले असते. हवा जितकी उबदार, तितके जास्त बाष्प तिच्यात राहू शकते. दहा अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प मावते, वीस अंशांना १७.३ ग्रॅम आणि तीस अंशांना ३०.४ ग्रॅम. उबदार दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की त्याच्यालगतचा हवेचा पातळ थर थंड होतो आणि न मावणारे बाष्प पाण्याच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तेथेच बसते. हे ज्या तापमानाला सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. कॅमेऱ्याचे तापमान सभोवतालच्या हवेच्या दवबिंदूच्या वर असेल तर भिंग कोरडे राहते, खाली असेल तर ओले होते. सगळे शास्त्र एवढ्या एका वाक्यात आहे.

आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्रांना हे वाक्य पाठ नसले तरी अंगवळणी पडलेले आहे. घशातला आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरून, मग हाताच्या पाठीला लावून पाहून, तोंडात घालण्याची रीत त्यांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलेली असते. उच्छ्वासातली हवा सुमारे चौतीस-पस्तीस अंशांची आणि बाष्पाने भरलेली; आरसा तिच्याहून थोडा उबदार असला की वाफ धरत नाही. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन दुर्बीण आधी कोमट सलाइनमध्ये ठेवतात, तेही याच कारणाने. घरी मात्र हीच मंडळी एसीत गार झालेला कॅमेरा जूनच्या हवेत बाहेर काढतात आणि वाफ का धरली म्हणून विचारतात.

दवाचा हा उलगडा एका डॉक्टरने केला आहे, आणि आपल्या स्मरणिकेत त्याची आठवण काढणे उचित होईल. विल्यम चार्ल्स वेल्स हे त्यांचे नाव. जन्म १७५७ साली अमेरिकेतील चार्ल्सटन येथे, व्यवसाय लंडनमध्ये, नेमणूक तेथील सेंट थॉमस रुग्णालयात. दोन डोळ्यांनी आपल्याला वस्तू एकच का दिसते, यावर त्यांनी १७९२ साली एक निबंध लिहिला होता. त्यामुळे आम्ही नेत्रवैद्य त्यांच्यावर थोडा जास्त हक्क सांगतो. दव आकाशातून पडते, असा समज तेव्हा रूढ होता. वेल्स यांनी दहा ग्रेन वजनाचे, म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅमलाही न भरणारे, लोकरीचे पुंजके मोजून घेतले, रात्री एका बागेत निरनिराळ्या जागी मांडले आणि त्यांनी किती पाणी घेतले हे पुन्हा तोलून पाहिले. उघड्या आकाशाखालचा पुंजका सर्वांत जड झाला. पुठ्ठ्याचे छोटे छप्पर धरलेला पुंजका, त्याला हवा मिळत असूनही, जवळजवळ कोरडा राहिला. यावरून त्यांनी दाखवून दिले की रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतात आणि मग हवेतले बाष्प त्यांच्यावर जमते. आपल्याकडे पूर्वी उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून, खाली पेंढा घालून हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करीत असत. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही ते पाणी गोठे. त्या बंगाली बर्फाचा विचारही वेल्स यांच्या निबंधात आला आहे. ‘दवावरील निबंध’ १८१४ साली प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. तीन वर्षांनी ते वारले.

त्या पुठ्ठ्याच्या छपराचा उपयोग आजही होतो. चांदण्यांची छायाचित्रे घेणारे आपले काही तरुण सभासद आंबोलीच्या किंवा खानापूरच्या माळावर रात्रभर कॅमेरा आकाशाकडे रोखून बसतात आणि पहाटे भिंग ओले सापडते. कॅमेरा कोठल्याही थंड जागेतून आणलेला नसतो. भिंगानेच आकाशाकडे उष्णता टाकलेली असते. लेन्सच्या तोंडावर लांब हूड लावला की भिंगाला दिसणारे आकाश लहान होते आणि दव उशिरा धरते. अवकाशनिरीक्षक दुर्बिणीच्या नळीभोवती किंचित ऊब देणारा विजेचा पट्टा गुंडाळतात. त्यांचा उपाय वेल्स यांच्या छपराहून खात्रीचा आहे, पण त्याला बॅटरी लागते.

आता आपल्या गावाकडे येऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. येथील डिसेंबरच्या सकाळी सगळे कुडकुडत असले तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही थंडी निरुपद्रवी आहे. घरातून उबदार कॅमेरा घेऊन थंड अंगणात जाण्याने काही बिघडत नाही, कारण उबदार वस्तू दवबिंदूच्या वरच असते. परत येतानाही घरातले आणि बाहेरचे अंतर आठ-दहा अंशांचे आणि हवा कोरडी; क्वचित पुसट वाफ धरली तरी पाच मिनिटांत जाते. आपला खरा शत्रू थंडीच्या मोसमात नसतो. तो चोर्ला घाट उतरताना मोटारीत आपल्या शेजारी बसलेला असतो.

हिशेब करून पाहू. मे महिन्यात आपण एसी लावून पणजीला निघालो. गाडीत बावीस अंश, कॅमेऱ्याची पिशवी मागच्या सीटवर. दोन-अडीच तासांत कॅमेराही बावीस अंशांवर येतो. पणजीत बाहेर बत्तीस अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या जवळ येतो. कॅमेरा त्याच्या चार अंश खाली आहे, वाफ धरणारच. पण बाहेरच्या बत्तीस अंशांपर्यंत त्याला जायचे नाही, दहापैकी चार अंश चढला की काम झाले.

पावसाळ्यात तीच सहल करा. बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू २५ अंशांच्या थोडा वर. गाडीत पुन्हा बावीसच. उन्हाळ्यात दहा अंशांचा फरक होता, आता तो पाचच अंशांचा आहे. म्हणून पुष्कळांना वाटते की धोका निम्मा झाला. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला आता पाचपैकी तीन अंशांहून अधिक चढायचे आहे, आणि वस्तू जसजशी हवेच्या तापमानाजवळ येते तसतसा तिचा तापण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे जो कॅमेरा मे महिन्यात वीस मिनिटांत सावरतो त्याला जुलैत चाळीस मिनिटे लागतात. फरक कमी असूनही पावसाळ्यात जास्त वेळ थांबावे लागते, हे मला स्वतःला आकडे मांडून पाहीपर्यंत पटले नव्हते. केवळ तापमानाचा फरक पाहून निर्णय घेणाऱ्यांनी येथे सावध राहावे.

उपाय स्वस्त आहे. एसीच्या जागेतून बाहेर पडण्यापूर्वी, आतच असताना, कॅमेरा झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, जादा हवा हलक्या हाताने दाबून काढावी आणि पिशवी बंद करावी. पिशवीत उरलेली हवा एसीतली, म्हणजे कोरडी असते. बाहेर गेल्यावर जे काही पाणी जमायचे ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते. पिशवी बाहेरून पूर्ण कोरडी झाली म्हणजे तिचे प्लास्टिक सावरले, आतला कॅमेरा अजून नाही. येथेच पुष्कळ जण घाई करतात. लहान कॅमेऱ्याला अर्धा तास, मोठ्या लेन्सच्या जड कॅमेऱ्याला तास-दीड तास द्यावा. कॅमेऱ्याची नेहमीची फोमची पिशवी वेगळी गोष्ट आहे. ती तापमानाचा बदल मंद करते, हे चांगलेच. पण तिची चेन हवाबंद नसते, आणि ती न उघडता ठेवली तर आतला गारवा दोन-दोन तास टिकतो. म्हणून आधी प्लास्टिकची पिशवी, मग बाहेर आल्यावर ती फोमच्या पिशवीतून काढून सावलीत ठेवणे, असा क्रम असावा.

पिशवी बंद करण्यापूर्वी मेमरी कार्ड आणि एक बॅटरी काढून खिशात ठेवावी. छायाचित्रे पाहण्याची उत्सुकता अनावर झाली की माणूस पिशवी उघडतो. कार्ड हाती असले म्हणजे कॅमेऱ्याला कोणी त्रास देत नाही.

गाडीने जाताना याहूनही सोपी युक्ती आहे. मुक्काम अर्ध्या तासावर आला, म्हणजे साखळी मागे टाकली, की एसी बंद करून खिडक्या थोड्या उघडाव्यात. कॅमेरा तेव्हा पिशवीत बंद असावा. मुलांची कुरकुर होते. ती अर्ध्या तासात संपते. ज्यांच्या गाडीची डिकी प्रवाशांच्या जागेपासून वेगळी आहे त्यांनी कॅमेरा तेथे ठेवला तर तो मुळात थंडच होत नाही. फक्त गाडी उन्हात उभी केली की डिकीतून काढून बरोबर घ्यावा. बंद मोटारीत उन्हाळ्यात तापमान साठ अंशांच्या पुढे जाते, आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश एवढीच मर्यादा दिलेली असते. त्याच पानावर आर्द्रतेची मर्यादा ८५ टक्के अशी असते. कोकणातला आषाढ ती रोज ओलांडतो, ही गोष्ट अलाहिदा.

हॉटेलात कॅमेरा रात्रभर एसीच्या झोताखाली ठेवणे आणि पहाटे सूर्योदय टिपायला थेट किनाऱ्यावर जाणे, ही तर वाफेला दिलेली सुपारी. निघण्याच्या तासभर आधीचा गजर लावून बंद पिशवी गच्चीत किंवा पडवीत ठेवावी आणि पुन्हा झोपावे.

मोबाइलवरच सगळे टिपणारे सभासद आता बहुसंख्य आहेत, आणि त्यांना हा त्रास कमी होतो. मोबाइल अंगाजवळ खिशात असतो, शरीराच्या उबेने दवबिंदूच्या वर राहतो. पण तोच मोबाइल मोटारीत एसीच्या जाळीसमोरच्या चिमट्यात लावून रस्ता पाहत आलेला असेल तर त्याचीही गत कॅमेऱ्यासारखीच होते.

‘माझा कॅमेरा पाण्यापासून सुरक्षित आहे’ असे सांगणाऱ्यांसाठी एक खुलासा. सांध्यांवरच्या रबरी कड्या पावसाचे थेंब अडवतात. बाष्प पूर्णपणे अडवू शकत नाहीत. झूम लेन्स पुढेमागे केली की ती भात्यासारखी हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. वाफ धरलेली असताना झूम फिरवणे किंवा लेन्स बदलणे म्हणजे दमट हवेला आतल्या भिंगांपर्यंत आणि सेन्सरपर्यंत आमंत्रण देणे होय. बाहेरची वाफ पुसता येते, आतली येत नाही.

मी वर रुग्णांचा उल्लेख केला तो आता सांगतो. मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेणारे हातात धरण्याजोगे कॅमेरे गेल्या काही वर्षांत गावोगावच्या शिबिरांत पोहोचले आहेत. नेत्रतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर नसला तरी तंत्रज्ञ छायाचित्रे घेतो आणि ती मागाहून वाचली जातात. आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या बाजूच्या एका गावी असे शिबिर पावसाळ्यात झाले आणि त्याच्या प्रतिमा वाचनासाठी माझ्याकडे आल्या. पहिल्या नऊ रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा धुरकट होत्या. दहाव्यापासून पुढे एकदम स्वच्छ. धुरकट प्रतिमांच्या कागदांवर शिबिरात नोंद झाली होती : ‘मोतीबिंदूची शक्यता, सहा महिन्यांनी तपासणी.’

मोतीबिंदू रांगेत क्रमाने उभा राहत नाही. त्या नऊ जणांत अडतीस वर्षांचा एक गृहस्थ होता, ज्याची दृष्टी त्याच कागदावर दोन्ही डोळ्यांत ६/६ लिहिलेली होती. अशा डोळ्यातून दृष्टिपटल इतके पुसट दिसणे शक्य नव्हते. दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कॅमेरा जपून आणावा म्हणून तो पुढच्या सीटवर, एसीच्या अगदी समोर ठेवला होता. गाडी पोहोचली आणि दहा मिनिटांत तपासणी सुरू झाली. तंत्रज्ञाने भिंग पुसले होते. पुसल्यावर ते पुन्हा धरले असणार, आणि लहानशा पडद्यावर ते त्याच्या लक्षात आले नाही. नऊ रुग्ण होईपर्यंत कॅमेरा सावरला होता.

नऊ जणांना परत बोलावण्यात आले. सात आले. त्यांपैकी चौघांचे दृष्टिपटल ठीक होते, दोघांत मधुमेहाचे सुरुवातीचे बदल होते. सातवी पन्नाशीची एक बाई होती. तिच्या उजव्या डोळ्यात दृष्टिचकतीवर नवीन रक्तवाहिन्यांचे जाळे उमटलेले होते. या वाहिन्या नाजूक असतात, केव्हाही फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. तिच्यावर तातडीने लेसर उपचार सुरू करावे लागले. सहा महिने थांबणे तिला परवडले नसते. उरलेल्या दोघांचा पत्ता अद्याप लागलेला नाही. एक जण मुंबईला मुलाकडे गेला एवढेच कळले.

यात तंत्रज्ञाला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या शिबिराच्या आयोजकांनी नंतर पद्धत बदलली. कॅमेरा बंद पिशवीतून, एसीच्या झोतापासून दूर येतो. पोहोचल्यावर नोंदणी, दृष्टीची तपासणी आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब, यांत अर्धा तास तसाही जातो. तेवढ्यात कॅमेरा पिशवीत सावरतो, म्हणजे थांबण्याची किंमत काहीच नाही. पहिल्या रुग्णाआधी टॉर्चचा तिरका प्रकाश टाकून भिंग पाहिले जाते. आणि धुरकट प्रतिमा आली तर ‘मोतीबिंदू’ लिहिण्यापूर्वी दुसऱ्या माणसाच्या डोळ्याची प्रतिमा घेऊन ताडून पाहतात. रुग्णाने मुखपट्टी लावलेली असेल तर तिच्या वरच्या कडेतून निघणारा श्वासही भिंगावर जातो. नाकाजवळ चिकटपट्टी लावली की तो थांबतो. चष्मा लावणाऱ्या सर्जन मंडळींना ही युक्ती २०२० च्या आधीपासून ठाऊक होती, बाकीच्यांना त्या वर्षी कळली.

हिमालयात किंवा परदेशी बर्फात जाणाऱ्या सभासदांसाठी थोडेसे. तेथे बाहेर जाताना भीती नाही, आत येताना आहे. बाहेर उणे दहा अंश आणि खोलीत अठरा अंश, आर्द्रता ५० टक्के. दवबिंदू सात अंशांच्या आसपास. उणे दहाचा कॅमेरा तेथे येताच केवळ वाफ धरत नाही, अक्षरशः पाण्याने न्हातो. १९१० ते १९१३ या काळात कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हे छायाचित्रकार होते. ते आपले कॅमेरे झोपडीबाहेर थंडीतच ठेवीत, कारण आत आणले की ते ओले होत आणि ते पाणी पुन्हा बाहेर नेल्यावर गोठे. काम करताना एकदा त्यांच्या जिभेचे टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागले आणि तत्क्षणी चिकटले. सोडवून घेताना जिभेची त्वचा कॅमेऱ्यावर राहिली. आपल्याला एवढी वेळ येणार नाही. कॅमेरा बाहेरच बंद पिशवीत घालावा आणि आत आल्यावर दोन तास तसाच राहू द्यावा. पिशवीत तेव्हा बाहेरची कोरडी हवा असते, एवढाच मुद्दा. लिथियमच्या बॅटरीचा जोर थंडीत कमी होतो आणि ऊब मिळाली की परत येतो. म्हणून ‘संपलेली’ बॅटरी टाकून न देता आतल्या खिशात ठेवावी. शून्याखाली ती चार्ज मात्र करू नये.

इतके करूनही भिंग ओले झालेच तर प्रथम काही न करणे हाच उपचार. कॅमेरा सुरू असेल तर बंद करावा, बॅटरी आणि कार्ड काढावे, लेन्स उतरवू नये. सदऱ्याच्या टोकाने घासू नये. भिंगावरचा लेप पातळ असतो आणि ओल्या धुळीने त्यावर ओरखडे उठतात. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये, उन्हात ठेवू नये. एका बाजूने तापलेल्या भिंगाची वाफ दुसऱ्या, अजून थंड असलेल्या भिंगावर जाऊन बसते. कोरड्या, वारा खेळत्या जागी तो तसाच राहू द्यावा. एसीची खोली जवळ असेल तर तेथील कोरड्या हवेतही वाफ लवकर उडते, फक्त पुन्हा बाहेर येताना पिशवी विसरू नये. पुढचे भिंग स्वच्छ दिसल्यावरही तासभर थांबावे, कारण आतले पाणी उशिरा उडते.

एकदा धरलेल्या वाफेने सहसा कायमचे नुकसान होत नाही. नुकसान करते ते मागे राहिलेले दमटपण, आणि त्यावर वाढणारी बुरशी. शेतकऱ्यांच्या बुबुळावरचे बुरशीचे व्रण आम्ही नेहमी पाहतो. त्यांतली ॲस्परजिलस ही भिंगावरही सुखाने नांदते. धूळ आणि बोटांच्या ठशांतला तेलकटपणा एवढे खाद्य तिला पुरते. तिच्या स्रावातील आम्ल भिंगाचा लेप आणि पुढे काचही खाते; मग बुरशी काढली तरी तिची जाळीदार नक्षी उरते. कित्येक दवाखान्यांतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकांच्या नेत्रिकांत ती पाहायला मिळेल.

आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला सोयीचे होते. ४० ते ५० टक्के ही कॅमेऱ्याला योग्य. विजेवर चालणारे कोरडे कपाट मिळते आणि ते उत्तम असते. नसेल तर रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात आर्द्रतामापक आणि पाव किलो सिलिका जेल एवढ्यात भागते. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी होते, पण त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा, घातक. स्वयंपाकाच्या तव्यावर ते भाजू नये. केशरी रंगाचे मिळते ते घ्यावे आणि रंग पालटला की ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर दोन तास ठेवावे. पावसाळ्यातल्या उन्हात ते वाळत नाही. तांदळात कॅमेरा पुरण्याने काही साधत नाही, पीठ मात्र आत जाते. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ काचेवर बसते. चामड्याचे जुने देखणे कव्हर वेगळे ठेवावे, ते ओल धरते. पूर्वी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात चाळीस वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत असे. हवा थोडी तापून आर्द्रता उतरत असे. तसे कपाट ज्यांच्याकडे अजून आहे आणि ज्यांनी वीज वाचवण्यासाठी त्यात एलईडी दिवा बसवला आहे, त्यांनी लक्षात घ्यावे की नवा दिवा प्रकाश देतो, ऊब जवळजवळ देत नाही.

श्रावण सरला की प्रत्येक लेन्स एकदा टॉर्चसमोर धरून, पाकळ्या पूर्ण उघड्या ठेवून, मागून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स त्याच दिवशी इतरांपासून वेगळी करावी आणि जाणत्या कारागिराकडे न्यावी. नुकती सुरुवात असेल तर भिंग वाचते.